घरात एकही काडी नाही

आरोहीच्या पायाला भिंगरी बांधलीय असं तिची आजी सखुबाई आल्यागेल्याला सांगते, आणि त्यात खोटं काही नाही. नऊ वर्षांची पोर, चौथीत शिकते, पण एका जागी बसलेली कुणी पाहिली असेल तर शपथ. जेवतानासुद्धा हातात भाकरीचा तुकडा घेऊन दारापर्यंत दोन चकरा होतातच. मात्र ती उगाच हिंडत नाही, हे घरात कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं. ती चपला सरळ करत हिंडते.

कनेरगाव नाक्यावरून आत फुटणाऱ्या रस्त्यावर तिचं गाव आहे. कुणाच्या ओसरीपुढं, देवळाच्या पायरीशी, दळणाच्या गिरणीवर, जिथं पालथी पडलेली चप्पल दिसेल तिथं ही थांबते, पायाच्या अंगठ्यानं ती सरळ करते आणि पुढं जाते. चप्पल उलटी पडली की घरात भांडण होतं, हे आपल्याकडं कोणत्या लेकराला ठाऊक नाही? बाकीची लेकरं ऐकतात आणि सोडून देतात. आरोहीला सोडून देता येत नाही, कारण तिच्याकडं पुरावा आहे.

गेल्या वर्षी हळद शिजवायचे दिवस होते. तिचा बाप शिवशंकर हळद शिजवायचा कुकर घेऊन गावोगाव फिरतो. त्या दिवशी काम घरच्याच शेतात होतं. शाळेला उशीर झाला म्हणून आरोहीनं घाईघाईत पायातल्या चपला भिरकावल्या आणि बूट घातले. एक पालथी पडली. तिनं ती पाहिली आणि तशीच टाकून पळाली. संध्याकाळी घरी आली तर आई नव्हती.

मधल्या वेळात काय घडलं ते तिला शेजारणींच्या बोलण्यातून तुकड्यातुकड्यानं कळलं. तिची आई सरिता शेतात फोनवर हसून बोलत होती. कुणाशी, म्हणून शिवशंकरनं विचारलं. भावाशी, म्हणून तिनं सांगितलं. त्याला ते पटलं नाही, आणि या शहाण्यानं तिचा मोबाइल हिसकावून कुकरच्या ड्रममध्ये, शिजत्या हळदीत टाकला. सरिता अंगावरच्या साडीनिशी नाक्यावर चालत गेली आणि मिळेल त्या गाडीनं सिद्धेश्वरला माहेरी गेली. ती खरंच भावाशी बोलत होती. हे शिवशंकरला चार दिवसांत कळलंही, पण ‘चुकलं माझं’ हे दोन शब्द त्याच्या तोंडातून वर्षभरात बाहेर पडले नाहीत. अशा माणसाला काय म्हणावं!

गावानं त्या शिजलेल्या मोबाइलवर पोट धरधरून हसून घेतलं. आरोहीला मोबाइलचं काही नव्हतं. तिला ती पालथी चप्पल दिसायची. जे झालं ते आपल्यामुळं झालं, हे तिनं मनाशी पक्कं केलं आणि कुणाजवळ बोलली नाही.

तेव्हापासून घराचं नशीब सांभाळायचं काम तिनं अंगावर घेतलं. शाळेच्या वाटेवर मुंगूस दिसलं की त्या दिवशी मम्मीचा फोन येणार. उचकी लागली की ती ‘मम्मी’ म्हणायची, आणि उचकी थांबली की मम्मीनंच आठवण काढली होती हे सिद्ध. थांबली नाही तर श्वास कोंडून थांबवायची, पण दुसऱ्या कुणाचं नाव म्हणून घ्यायची नाही. एवढं सगळं सांभाळायचं तर पोरगी एका जागी बसणार कधी?

यंदाच्या मार्चमधल्या एका गुरुवारी उकंडराव घरी आले. गावातल्या कुणाच्याही घरचं भांडण आधी त्यांच्याकडं जातं. ते आणि आरोहीचे आजोबा दगडोबा ओसरीवर बसून बोलत होते, आणि आरोही खांबाला धरून गोल गोल फिरत होती. गाव अशा वेळी फारकत म्हणतं. पण दगडोबा जुने.

“ऐतवारी सरिताला अन् तिच्या भावाला बोलवून घ्या,” ते म्हणाले. “काडीमोड करून टाकू एकदाची. किती दिवस असं लोंबकळत ठेवायचं?”

उकंडराव गेले. आरोही खांब सोडून आजोबांपुढं आली.

“आबा, काडी कोण मोडतंय?”

“पंच मोडतेत.”

“कशी?”

“नवरा एक टोक धरतो, बायको एक टोक धरती. पंच मधात मोडतेत. मोडली काडी की सुटले दोघं.”

“आन काडीच नसली तर?”

दगडोबांनी तळहातावर तंबाखू घेतली होती. सगळं लक्ष चुन्याच्या डबीत. “काडीच नसली तर कशाची काडीमोड?” ते म्हणाले, आणि तंबाखू मळायला लागले.

मोठ्या माणसांची ही एक खोडच आहे. लेकरू जीव टांगणीला लावून विचारतं आणि हे तंबाखूकडं बघत उत्तर देतात. आपण काय बोललो हे दगडोबा पिंक टाकायच्या आधीच विसरले. आरोहीला मात्र करायला काम मिळालं, आणि हातात दिवस होते तीन.

आता मार्चमध्ये शेतकऱ्याच्या अंगणात काय असतं? काड्याच असतात. चुलीसाठी रचून ठेवलेल्या तुराट्यांचा हा ढीग, शेजारी पऱ्हाट्यांचा तो ढीग. शुक्रवारी शाळेतून आल्यावर तिनं तुराट्या कवेत घेऊन गोठ्यामागं न्यायला सुरुवात केली. हातांना कुसळं टोचली, फ्रॉक फाटला. शनिवारी सकाळची शाळा; दुपारभर पऱ्हाट्या. ढीग हलला की खाली बारीक काटक्यांचा चुरा राही. तो तिनं बोटांनी वेचला. खराटा माळ्यावर टाकला, कारण खराट्यात तर काड्याच काड्या. देवळीतली उदबत्ती उचलली. दगडोबांची दात घासायची लिंबाची काडी गेली. काडीपेटी तिनं पिठाच्या डब्यात पुरली.

“चूल कशानं पेटवू गं?” सखुबाई ओरडली. “काडीपेटी कुठं गेली? या घरात भूत शिरलं का काय?”

“मी आणते पेटवून,” म्हणत आरोही शेजारी पळाली आणि गोवरीचा जळता तुकडा पत्र्यावर घेऊन आली. सखुबाईनं कपाळाला हात लावला, पण स्वयंपाक झाला.

ऐतवारी दहाच्या सुमाराला जीप आली. मामा हरिचंद चालवत होता, शेजारी सरिता बसली होती. आरोही धावत जाऊन आईच्या कमरेला बिलगली, क्षणभर थांबली आणि लगेच परत अंगणात आली. तिला गळ्यात पडून बसायला वेळ नव्हता. आई वाळली होती, हातात नवा मोबाइल होता, हे तिनं जाता जाता पाहिलं.

“आंगण काय झकास झाडलंय,” उकंडराव सतरंजीवर बसत म्हणाले. “आरशावानी.”

“पोरीनंच केलं. मम्मी येणार म्हणून,” दगडोबा कौतुकानं म्हणाले.

शिवशंकर एका कडेला भिंतीला टेकून बसला. नखांत हळद, नजर खाली. सरिता दुसऱ्या कडेला. आरोही दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेभोवती घिरट्या घालत राहिली. वाऱ्यानं बाभळीचं एक काटूक आत आणून टाकलं. तिनं त्यावर पाय ठेवला आणि कुणी बघत नाही असं पाहून उचलून फ्रॉकच्या खिशात घातलं.

सखुबाईनं खायला मुरमुऱ्यांचा सुशीला केला होता. त्यातला शेंगदाणा उकंडरावांच्या दाढेत अडकला.

“बाई, एखादी काडी दे बरं,” ते आरोहीला म्हणाले.

तिनं खिशावर हात दाबून धरला. “न्हाई,” ती म्हणाली. “आमच्या घरात एकबी काडी न्हाई.”

“अगं, केवढीशी बी चालती.”

“केवढीशी बी न्हाई.”

हरिचंद हसला. उकंडराव जिभेनंच दाढ टोकरत बसले. त्यांनी मग प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक कागद काढला आणि वाचायला घेतला. हिंगोलीला टाइप करून आणलेला तो कागद. त्यातली भाषा मोठ्या माणसांनाही धड कळत नव्हती. आरोहीनं कान दिला नाही. ती सगळ्यांचे हात बघत होती. हात रिकामे होते.

“दोघंबी राजीखुशीनं?” उकंडरावांनी विचारलं.

सरितानं एकदा, सरळ, शिवशंकरकडं पाहिलं. तिला काय ऐकायचं होतं ते अंगणातल्या प्रत्येकाला माहीत होतं. तो अजून बोलला असता तरी चाललं असतं. शिवशंकर नखातली हळद कोरत राहिला.

“व्हय,” सरिता म्हणाली.

उकंडरावांचा पेन चालेना. त्यांनी झटकला, तळहातावर घासला. “बाई, तुझ्या दप्तरात असंल की एखादा.”

पेन म्हणजे काही काडी नव्हे. आरोही वाऱ्यासारखी पळाली. दप्तरात दोन पेन होते. त्यातला चांगला, परीक्षेसाठी ठेवलेला, तिनं निवडला, कारण मम्मी लिहिणार होती. शाळेतही पालकसभेला सगळे बसतात, चहा घेतात, शेवटी सह्या करतात आणि घरी जातात. आईनं सही केली. बापानं केली. हरिचंदनं केली. दगडोबांनी अंगठा उठवला. उकंडरावांनी कागदाची घडी घातली आणि पेन आरोहीला परत दिला.

“झालं. उठा आता,” ते म्हणाले.

झालं? आरोहीनं सगळ्यांकडं पाहिलं. कुणी काडी मागितली नव्हती, कुणी काही मोडलं नव्हतं. बैठक उठली होती. गेल्या वर्षभरात पहिल्यांदा ती एका जागी उभी राहिली, आणि मग इतक्या जोरात हसली की सखुबाईनं पदर तोंडाला लावून तोंड फिरवलं.

आई जीपकडं निघाली होती. आरोहीनं तिला दारात गाठलं आणि हात धरून मागं ओढलं.

“मम्मी, तिकडं कुठं चालली? आता इथंच राहायचं.”

“बाई...”

“काडी मोडलीच न्हाई. मी सगळ्या लपवल्या. तुराट्या, खराटा, काडीपेटी, सगळं. आबा म्हणले काडीच नसली तर काडीमोड व्हत न्हाई. तू पाह्यलं न्हाई का? कुणालाच भेटली न्हाई.”

सरितानं मागं वळून त्या आरशासारख्या अंगणाकडं पाहिलं, मग लेकीच्या हातांकडं. तळहातभर ओरखडे होते, काही अजून ओले. ती तिथंच मातीत खाली बसली. हरिचंदनं चालू केलेली जीप बंद केली.

“आता काडी लागत न्हाई, बाई,” ती म्हणाली. “कागदावर सह्या केल्या की झालं. आमी दोघांनी केल्या. तुज्यासमोरच केल्या.”

आरोहीनं हातातल्या पेनाकडं पाहिलं. पाय जागच्या जागी हलायला लागले, जणू अजूनही कुठंतरी पळत गेलं तर वेळेत पोचता येईल.

“मला आधी सांगायचं ना, मम्मी,” ती म्हणाली. “मी पेन दिला नसता.”