ज्या बोऱ्यावर मी बसलो

चूक माझी होती. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण पुढे लिहिता लिहिता मी ती वाऱ्यावर किंवा पाटलांवर ढकलीन... माझा स्वतःवर तेवढा भरवसा नाही.

असल्या गोष्टींवर मी कधीच विश्वास ठेवला नाही. मी दवाखान्यातला कंपाउंडर. अंगात आलेल्या बाईला अमोनियाची बाटली हुंगवून शुद्धीवर आणणारा माणूस — मला कोण काय सांगणार?

आमचं गाव चांदा जिल्ह्यात, सिंदेवाहीपासून चार मैलांवर. नाव मुद्दाम लिहीत नाही. दवाखान्यापुढे मोहाचं झाड, झाडापुढे मोठं तळं, आणि तळ्यापलीकडे, मैलभर तरी लांब, गावाचं खळं. एवढं ध्यानात ठेवा.

चार वर्षांपूर्वी, धान निघायच्या दिवसांत, लच्चूभाऊ आले. जंगलातल्या टोल्यावरचे, म्हणजे छोट्या वस्तीवरचे, म्हातारे गृहस्थ, हातात गजानं वाजवायची तीन तारांची किंगरी. एकटेच गाणार, साथीला कोणी नाही. गाणी स्वतःची — बैल हरवला, बायको रुसली, पुरानं नदीतला डोंगा, म्हणजे होडी, नेला. सगळं दुःखच, पण ऐकणारे हसतात म्हणे. त्या दिवशी बाजाराला पाच गावांची माणसं यायची होती. त्यांना आवडलं तर लग्नसराईत बोलावणी, नाहीतर घरी बसणं. भाऊंचं सगळं त्या दुपारवर होतं.

आमच्या लोकांना सवय दंडारीची. पंधरा माणसं, ढोलकी, सोंगं. एकट्या म्हाताऱ्याकडून काय अपेक्षा ठेवायची ते कळावं, म्हणून मी खडू घेऊन दवाखान्याच्या फळ्याशी उभा राहिलो.

"लिवा भाऊ," ते म्हणाले. "एक, मी डोये मिटून गातो, झोपलो समजू नका. दोन, मधीच टाळ्या वाजवू नका, गानं भेते. तीन, समोर एक बोरा रिकामा राह्यते. थे माह्या बापाची जागा. गानी त्यानं शिकवली, तं पह्यले तो आयकते."

"वडील येणार आहेत?"

"मेला ना जी. वीस वर्स झाले."

मी एक लिहिलं, दोन लिहिलं. तीन गाळलं. दवाखान्याच्या फळ्यावर मेलेल्या माणसाची बैठक लिहायची?

दुपारी मोहाखाली दीड-दोनशे माणसं जमली. खुर्ची एकच, ती पाटलांनी घेतली. मागे रडकी पोरं, बाजूला बकऱ्या. मी तर कार्यक्रमाचा सूत्रसंचालक! समोर अंथरलेला एक स्वच्छ, झटकलेला, रिकामा बोरा, म्हणजे गोणपाट, होता... बसलो.

लच्चूभाऊंनी डोळे मिटले. गज हलला, ओठ हलले, गळ्याची शीर फुगली. आवाज नाही.

म्हणजे बाकी सगळे आवाज होते. बकरी ओरडली, पाटलांचं पान चघळणं स्वच्छ ऐकू येत होतं. फक्त गाणं नव्हतं. लोक कानात बोटं घालून हलवू लागले.

"कंपोंडर," पाटील ओरडले, "मले आयकू येऊन नाई राह्यलं! कान गेले का माहे?"

मी संतापलो. "ए म्हाताऱ्या, गातोस की नुसतं तोंड हलवतोस?"

त्यांनी डोळे उघडले. मला पाहिलं, बोरा पाहिला. "भाऊ, तुमी तिथी काऊन बसले?" हे मात्र सगळ्यांना ऐकू आलं.

तेव्हा उठायला हवं होतं. पण एवढी माणसं बघत होती. मी म्हणालो, "आधी गाऊन दाखव, मग रीत सांग!"

ते गालात हसले, पुन्हा डोळे मिटून एक छोटं गाणं म्हणाले. तेही मुकंच. मग म्हणाले, "उठा जी थोडे." माझ्याखालचा बोरा काढून घेतला, घडी केली, आणि शिजवून ठेवलेलं जेवणसुद्धा न घेता जंगलाच्या वाटेला लागले.

इकडे दवाखान्यापुढे रांग लागली. मी लोकांच्या कानात ग्लिसरीनचे थेंब घालत सुटलो. "हवेचा दाब आहे," असं छातीठोक सांगत होतो. पाटलांच्या दोन्ही कानांत दोनदा घातलं. तेवढ्यात खळ्यावरून धान उपणून बायका परतल्या, केसांत कोंडा, तोंडावर हसू. पुढे गिरजाबाई.

"काजी कंपोंडरभाऊ, गानं तं बेस झालं! थो बैल हरवला तवा मी रडली जी. अन् शेवटचं तुमच्यावरचं — हासून हासून पोट दुखलं!"

"माझ्यावरचं?"

बायकांनी तिथेच सूर धरला:

"ताप आला, लाल पानी. पाय मोडला, लाल पानी. सासू भांडली, लाल पानी, कंपोंडरदादा!"

प्रत्येक दुखण्याला मी देतो त्या लाल औषधावरून रांगेतले लोक हसले. माझ्या हातातली पिचकारी खाली आली.

"तुमी तं समोरच होते," गिरजाबाई म्हणाल्या, "तुमाले नाई आयकू आलं? आमच्या तं बाजूलेच बसून गाऊन राह्यला असं वाटे. आमी बसाले एक बोरा टाकला होता, तं त्याच्यावर कोनी बसलंच नाई. काऊन, थे मालूम नाई."

वारा त्या दिवशी खळ्याकडून आमच्याकडे होता. कोंड्याची बारीक धूळ तळ्यावरून आमच्या डोळ्यांत येत होती. मग आवाज वाऱ्याविरुद्ध मैलभर गेला कसा, आणि दहा हातांवर का आला नाही? मी डॉक्टरांना विचारलं, शाळेतल्या गुरुजींना विचारलं. उत्तर नाही. आजही नाही.

मात्र 'लच्चू मुका झाला' ही बातमी पाच गावांत गेली. गिरजाबाईंचं कोणी मानलं नाही — बायका काहीही बोलतात म्हणे. तिसरा नियम गावात मला एकट्याला ठाऊक होता, आणि मी गप्प बसलो. चार लग्नसराया भाऊंना एकही बोलावणं आलं नाही.

या फाल्गुनात शेवटी टोल्यावर गेलो. ते अंगणात दोर वळत होते.

"लच्चूभाऊ, तुमची माफी मागायला आलोय."

"माही काऊन? माही जागा थोडीच घेतली तुमी?" ते उठले, आतून तोच बोरा आणून अंगणात अंथरला आणि पुन्हा दोर वळू लागले.

टोल्यावरची माणसं गोळा झाली. मी, अमोनियावाला कंपाउंडर, रिकाम्या बोऱ्यापुढे गुडघ्यांवर बसलो आणि हात जोडले.

"बाबा, तुमचा नियम मी गाळला. तुमच्या जागेवर मी बसलो, आणि मुका तुमच्या पोराला ठरवलं. बाजाराच्या दिवशी पाच गावांसमोर हेच सांगेन, आणि तिन्ही नियम फळ्यावर लिहीन. मी चुकलो. मला माफ करा."