कल्याणला गेलेल्या तीन फ्लॉप्या

"हे तुम्हाला कळायचं नाही," असं कुणी म्हटलं की सगुणा मढवीच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. समोरच्यानं तेवढ्यात सावध व्हावं. बहुतेक लोक होत नसत.

ठाण्यात कोलशेतच्या एका रसायन कंपनीत ती बारा वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती. ब्याण्णवला कंपनीला टाळं लागलं आणि साहेबांच्या केबिनमधला कॉम्प्युटर भंगारात निघाला. सगुणानं तो हातगाडीवर घालून घरी आणला. तिची आई मनुबाई मासळीची पाटी घेऊन नौपाड्यात दारोदार फिरायची. तिनं डबा बघितला आणि विचारलं, "अगो, ह्याच्यावर पिक्चर तरी दिसतो का?" पिक्चर दिसला नाही. पण दोनेक वर्षांत सगुणाला त्यात जे दिसायला लागलं ते क्लास काढून बसलेल्यांनाही दिसत नव्हतं. ती क्लासला कधी गेलीच नाही. थोडं रद्दीतल्या पुस्तकांतून शिकली, थोडं डिक्शनरीतून, आणि उरलेलं मशीनला शिव्या घालून.

नव्व्याण्णव साली ती नौपाड्यातल्या रक्तदाता मंडळाचं काम बघत होती. एका दवाखान्याच्या वरची खोली. टेबल, फोन, कॉम्प्युटर आणि त्यात दोन हजार शंभर रक्तदात्यांची यादी. हॉस्पिटलातून फोन आला की गट विचारायचा आणि कोण देऊ शकेल त्यांची नावं सांगायची. एकदा रक्त दिलं की तीन महिने पुन्हा द्यायचं नसतं, म्हणून प्रत्येकाची शेवटची तारीख यादीत लिहिलेली असे. कॉम्प्युटर दिवस मोजून नावं काढी. सगळं त्या मोजणीवर चालायचं.

आणि ती मोजणीच एक जानेवारीला गंडणार होती. प्रोग्राममध्ये वर्षाचे दोनच आकडे होते. नव्व्याण्णवनंतर शून्य शून्य आलं की प्रत्येक माणसानं भविष्यात रक्त दिलंय असं त्याला वाटणार, आणि तो म्हणणार, एकही दाता उपलब्ध नाही.

हा प्रोग्राम मूळचा परदेशातल्या काही लोकांनी लिहून जगाला मोकळा करून दिलेला. डोंबिवलीच्या मानपाडा रोडवरच्या त्रिकाल सिस्टिम्सच्या मधु टिपणीसनं तो उचलला, त्यात मराठी अक्षरं बसवली आणि गावोगावच्या मंडळांना विकला. त्यात सगुणाला काही गैर वाटत नव्हतं. राबला, पैसे घेतले. ऑक्टोबरात त्यानं दोन हजार सालाची दुरुस्ती केलेली सीडी आणून दिली, मंडळानं त्याचेही पैसे दिले. सोबत एक करार होता. सीडीतलं काहीही दुसऱ्या कुणाला दिलं, तर पुढची दुरुस्ती आणि सेवा बंद. मंडळाच्या अध्यक्षा सुमतीबाई केतकर यांनी त्यावर सही केली. चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या बाई, अक्षर मोत्यासारखं.

आठवड्याभरानं कल्याणहून विठ्ठल गायकर आला. त्याचं पारनाक्याजवळ फोटोफ्रेमचं दुकान. तिथंच काचांच्या आड तो कल्याणच्या रक्तदात्यांची यादी चालवायचा. प्रोग्राम तोच, पण दुरुस्ती विकत घेण्याइतके पैसे त्यांच्या मंडळाकडे नव्हते.

"सगुणाताई, तुमच्याकडचं मला द्या ना," तो म्हणाला. "एक तारखेनंतर आमच्याकडे फोन आला तर काय सांगू? फ्रेम घेऊन जा, माणूस वाचणार नाही?"

सगुणानं लगेच हो म्हटलं नाही. आधी तिनं सीडी उघडून बघितली. फाइलींच्या गर्दीत एक साधी मजकुराची फाइल होती, मूळ परवान्याची. टिपणीसनं ती काढली नव्हती, परवान्याच्या अटीनं काढताही येत नव्हती. तिनं तो परवाना छापला. प्रिंटर कर्रकर्र करत जोडपानाचा लांबच लांब पट्टा बाहेर टाकत राहिला. मग डिक्शनरी मांडीवर घेऊन ती सहा दिवस एकेक वाक्य फोडत बसली. सातव्या दिवशी ती सुमतीबाईंच्या घरी गेली.

"बाई, इथं सरळ लिहिलंय. ज्याला हा प्रोग्राम मिळाला त्यानं तो पुढं द्यावा, हवा तसा बदलावा. आणि देणाऱ्यानं घेणाऱ्यावर वरून आणखी बंधनं घालू नयेत."

"पण करारावर सही माझी आहे, सगुणा."

"आणि हा परवाना मान्य करूनच टिपणीसनं प्रोग्राम घेतला. त्याचं काय?"

"त्यानं सेवा बंद केली तर? आपली यादी बंद पडली तर जबाबदार कोण?"

"मी."

"तू?" बाईंनी चष्मा काढला. "जबाबदारी म्हणजे नुसता आवाज चढवणं नव्हे."

पाळ्या लाल झाल्या. पण सगुणा उलट बोलली नाही, कारण बाईंचा प्रश्न खरा होता. दोन हजार शंभर नावं होती. चिडून चालणार नव्हतं. ती थेट मानपाडा रोडला गेली.

टिपणीस गोड माणूस. चहा मागवला, झुळझुळीत कागदावर छापलेलं माहितीपत्रक हातात दिलं. त्यात त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांची नावं आणि पत्ते अभिमानानं छापलेले. मंडळं, दवाखाने, नौपाडा सोडून एकूण चौदा.

"मॅडम, मी कुठं अडवतोय? द्या की. परवान्यात हक्क आहे तुमचा. फक्त नंतर तुम्हाला काही विकायचं की नाही, हा माझा हक्क."

"म्हणजे दार उघडं आहे, पण बाहेर गेले तर परत घेणार नाही."

"कायद्याच्या गोष्टी आहेत. हे तुम्हाला..."

"कळायचं नाही?" सगुणानं चहाचा कप खाली ठेवला. "माझी आई मासळी विकते. गिऱ्हाइकानं शेजारणीला कालवणाची वाटी दिली, म्हणून दुसऱ्या दिवशी आई त्याला पापलेट नाकारत नाही."

टिपणीस हसला. "मासळी खाल्ली की संपते, मॅडम. कोड संपत नाही. एकानं घेतला की दहा जण फुकट वापरणार. माझी दोन पोरं चार महिने बसली होती त्यावर."

"संपत नाही म्हणून तर वाटायचा. आणि तुझ्या पोरांच्या चार महिन्यांचे पैसे आम्ही दिलेत. आमच्या तोंडाला कुलूप लावायचे नाही दिलेले. ज्यांनी मूळ लिहिला त्यांनी तुला अशी अट घातली असती, तर आज तू काय विकत असतास? माठ?"

"तुम्ही अरे-तुरेवर आलात."

"आलेय. परत जाणार नाही."

त्याच आठवड्यात तीन फ्लॉप्या कल्याणला गेल्या. चोरून नाही. सगुणानं वर कागद चिकटवला, त्यावर ठळक अक्षरांत मंडळाचं नाव नाही, स्वतःचं नाव, आणि सोबत परवान्याचा तो लांब पट्टा घडी घालून. त्या कागदाची एक प्रत तिनं टिपणीसला रजिस्टर पोस्टानं पाठवली. आठ दिवसांत त्याचं पत्र आलं. करार रद्द, सेवा समाप्त.

सुमतीबाईंनी पत्र वाचलं, घडी केली, टेबलावर ठेवलं. "झालं समाधान?"

"नाही," सगुणा म्हणाली. "अजून यादी चालवून दाखवायचीय."

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात विठ्ठलचा फोन आला. एसटीडीचा मीटर पळत होता म्हणून तो भराभर बोलत होता. फ्रेमची गिऱ्हाइकं नसली की तो मशीनचं घड्याळ एकेक दिवस पुढं सरकवून बघायचा. एक जानेवारी नीट, संक्रांत नीट. "पण ताई, एकोणतीस फेब्रुवारी टाकला की म्हणतो तारीख चुकीची, आणि बंदच पडतो. अठ्ठावीसला ठीक, एक मार्चला ठीक. मी दहा वेळा केलं."

सगुणानं नौपाड्यात करून बघितलं. तेच. म्हणजे ही चूक टिपणीसच्या दुरुस्तीतच होती, आणि ती सापडली, ज्याला दुरुस्ती द्यायची नव्हती त्यालाच. तिनं मानपाड्याला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "तुमचा करार रद्द आहे," आणि फोन ठेवला गेला.

तिनं फोन असा आदळला की खालच्या दवाखान्यातून कुणी तरी वर बघायला आलं. त्या सुमतीबाईच होत्या, औषध घ्यायला आलेल्या. सगुणा सीडीतल्या कोडच्या छापील कागदांवर वाकलेली, पेन्सिल तोंडात.

"काय शोधतेस?"

"ह्यानं दोन हजार साल लीप वर्ष धरलंच नाही. इथं बघा. चारनं भाग जातो तर लीप, पण शंभरनं जातो तर नाही. शंभरनं तर जातोच, बाई. मग बरोबर आहे का हा?"

बाईंनी चष्मा चढवला. कागद जवळ ओढला.

"अर्धवट शिकलाय तुझा टिपणीस," त्या म्हणाल्या. "शंभरनं जातो तर नाही, पण चारशेनं जातो तर आहे. सातवीच्या पोरांना सांगायची मी. ओळ कुठं घालायची ते तू बघ."

सगुणानं ओळ घातली. तीन वेळा चुकली, एकदा मशीनच अडकलं. चौथ्या वेळी एकोणतीस फेब्रुवारी उमटला आणि खाली ओ निगेटिव्हची सहा नावं आली. बाईंनी सहाच्या सहा मोजली. मग म्हणाल्या, "कल्याणला कळव." आणि जिना उतरताना, मागं न बघता, "कागदावर या वेळी मंडळाचंही नाव घाल."

सगुणानं टिपणीसचं ते झुळझुळीत माहितीपत्रक काढलं. चौदा पत्ते. चौदा लखोटे. प्रत्येकात एक फ्लॉपी आणि परवान्याचा पट्टा.

चार दिवसांनी टिपणीस स्वतः जिना चढून वर आला. चहा मागवायची सोय इथं नव्हती. घाम पुसत म्हणाला, "मॅडम, माझी गिऱ्हाइकं मलाच विचारताहेत, तुमच्या प्रोग्रामची दुरुस्ती ठाण्याहून कशी आली म्हणून. ती जरा मलाही..."

क्षणभर सगुणाच्या जिभेवर 'नाही' आलं. देणार नाही म्हणायला तिलाही कुणी अडवणार नव्हतं. हाच तर तो हक्क, टिपणीसनं समजावून सांगितलेला. तिनं खण उघडला आणि आधीच भरून ठेवलेला लखोटा टेबलावर आपटला.

"तुला पंधरावा ठेवलाय. घे. पैसे नकोत, सहीही नको. वाचायचं तेवढं वाच, पट्टा लांब आहे."

तेवढ्यात फोन वाजला. सगुणानं त्याच्याकडे पाठ केली आणि रिसीव्हर उचलला.

"बोला. गट कुठला?"