गंध लावलेली पत्रं

आज दसरा. सकाळी सुनेनं चंदन उगाळायला घेतलं आणि तो वास नाकात शिरताच माझं डोकं उठलं.

पेडण्याच्या आमच्या घरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या घरगुती पत्रांचं दप्तर होतं. सगळी मोडीत. मोडी कुणालाच येत नव्हती, म्हणून दर दसऱ्याला दप्तर पाटावर सोडायचं, पत्रांवर ओलं गंध, हळदकुंकू वाहायचं आणि पुन्हा लाल फडक्यात बांधायचं. आमचं वाचन ते एवढंच.

गोव्यात भाषावाद पेटला तेव्हा बाबा आणि काका ह्याच दप्तरावरून भांडले. बाबा म्हणत पत्रं मराठी, काका म्हणत कोकणी. शेवटी पणजीहून मोडीचे जाणकार आणले. त्यांनी हलक्या हातानं सुरीचं पातं सरकवलं आणि कागदाचा भुसा मांडीवर सांडला. पिढ्यानपिढ्यांच्या गंधानं पत्रांची वीट झाली होती.

“एकही पान सुटणार नाही,” ते म्हणाले.

काका उठून गेले. बाबा ताठ मानेनं म्हणाले, “पण एकाय वर्सा पूजा चुकूक नाय!”

तेव्हा मला त्यांचा केवढा अभिमान वाटला होता! पत्रांत काय होतं ते कधीच कळलं नाही, आणि त्यावरून भांडलेले भाऊ मरेपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत.

“मामा, दप्तराक गंध खंय लावू?” सून वाटी घेऊन उभी होती.

मी बोटानं जागा दाखवली.