वेलकमच्या पार्टीत माझं कुल्हड

सगळ्यांना काचेचे ग्लास. मला मातीचं कुल्हड.

रस्त्यावर चहा पिऊन झाला की गटाराशी फेकून फोडतात, ते. कलकत्त्यात ते कुणीही हातात धरतं, त्यात लाज नाही. पण त्या दिवाणखान्यात आम्ही दहा-बाराजणी होतो, आणि कुल्हड एकच होतं.

ते माझ्या हातात देताना शर्वरी वाकली. हसत हसत, हळूच, मराठीत म्हणाली, "ग्लास आईचे आहेत गं. तिला कळलं तर घर डोक्यावर घेईल. तुला समजतंच ना?"

समजलं. तिथं मराठी कळणाऱ्या आम्ही दोघीच होतो.

मी सतरा वर्षांची. कॉलेजात येऊन तीन आठवडे झालेले. त्या वर्षी शहराच्या भिंती डांबरानं लिहिलेल्या घोषणांनी भरल्या होत्या, बंद पुकारला की कॉलेजला कुलूप लागायचं. आमच्या इंग्रजी कॉलेजातल्या मुलींच्या पार्ट्या मात्र कधी बंद पडल्या नाहीत.

माझे बाबा गार्डन रीचला, रेल्वेच्या मोठ्या कचेरीत चपराशी. मूळचे नागपूरकडचे. धम्मदीक्षा घेतली त्या दिवसापासून दारूला शिवले नव्हते. मायचा भाऊ हातभट्टीनं गेला होता. आमच्या क्वार्टरात दारूचा विषयसुद्धा निघायचा नाही.

शर्वरी तिसऱ्या वर्षाला. तिचे वडील त्याच कचेरीत साहेब. बाबांचेच साहेब. पहिल्या दिवशी कॉरिडॉरमध्ये तिनं मला मराठीत हाक मारली. त्या इंग्रजी गर्दीत कुणी अंगावर पांघरूण घालावं तसं वाटलं मला. "मला ताई म्हण," ती म्हणाली. मी म्हटलं. मग म्हणाली, "रविवारी दुपारी आमच्या बंगल्यावर नव्या मुलींची वेलकम आहे. आई पुण्याला गेलीय, पपा क्लबात असतील. नक्की ये हं."

बाबा म्हणाले, "नको जाऊ." कारण सांगितलं नाही. मी ऐकलं नाही. मायची निळी साडी नेसून मी त्या बंगल्याच्या पुढच्या दारानं आत गेले. आमच्या घरातलं कुणी त्या दारानं कधी गेलं नव्हतं.

वेलकम म्हणजे काय, ते आत गेल्यावर कळलं. सीनियर मुलींनी आल्या आल्या लिंबाच्या सरबतात जिन ओतली. नवीन मुलीनं पहिला ग्लास एका दमात संपवायचा, मग खुर्चीवर उभं राहून गाणं म्हणायचं. नाही म्हणाली की सगळ्या मिळून "बेबी, बेबी" करत टाळ्या पिटायच्या. एकीनं कशीबशी संपवली आणि धावत जाऊन बाहेर फुलझाडांत ओकली. सगळ्या हसल्या. ती पण हसली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या.

माझी पाळी आली. मी वास घेतला. म्हटलं, "मी पीत नाही."

शर्वरी पुन्हा वाकली. पुन्हा मराठी. "तू? तुमच्यात तर सगळं चालतं ना? बायकासुद्धा घेतात म्हणे." मी कुल्हड मांडीवर ठेवलं. तिला वाटलं असेल, कुल्हडामुळे रुसलीय. म्हणाली, "आणि हे कुल्हड मनाला लावून घेऊ नकोस. तुझे बाबा इथं चहा यातच घेतात. मागच्या दाराशी चळतच ठेवलीय. ते कधी काही बोलत नाहीत."

बाबा दर रविवारी सकाळी साहेबांचा बाजार आणून द्यायला जायचे. घरी आले की म्हणायचे, "चहा नको. साहेबांकडे झाला." त्या चहाचं मला कौतुक वाटायचं. शाळेत मैत्रिणींना सांगितलं होतं मी.

समोर टाळ्या चालूच होत्या. शेजारी तपती बसली होती, माझ्या वर्गातली. तिनं बंगालीत विचारलं, "काय म्हणाली गं ती तुला?"

शर्वरीच उत्तरली, "काही नाही. आमच्या भाषेतली गंमत."

मी उभी राहिले. इंग्रजी माझं मोडकं. बंगाली मात्र गल्लीतलं, पक्कं. त्याच भाषेत सांगितलं. ग्लास आईचे आहेत, हे सांगितलं. तुमच्यात सगळं चालतं, हे सांगितलं. मागच्या दाराशी चळत आहे आणि माझा बाप काही बोलत नाही, हेही सांगितलं. एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही.

टाळ्या थांबल्या.

"तुम्ही प्यालात की पार्टी," मी म्हटलं, "आमच्यातलं कुणी प्यालं की जात."

कुल्हड पॉलिशच्या टेबलावर ठेवलं. फोडलं नाही. फोडलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. मग शर्वरीला मराठीत म्हटलं, "आजपासून तू माझी ताई नाहीस." आणि आले त्याच दारानं बाहेर पडले. माझ्यामागे कुणी आलं नाही. तपतीसुद्धा नाही.

बाबा ओट्यावर बसून बुटांना पॉलिश करत होते.

"बाबा, साहेबांकडे चहा कशात घेता?"

ब्रश थांबला. "तुला शिकवायचं होतं," म्हणाले. "नोकरी टिकवायची होती. चहाच तर होता."

मी घडलेलं सगळं सांगितलं. माय घाबरली. "उद्याच्या उद्या जाऊन माफी मागून ये."

"माफी काहून मागंल?" बाबा म्हणाले. "पोरगी खोटं बोलली का?"

पुढच्या रविवारी ते बंगल्यावर गेले नाहीत. महिना संपायच्या आत त्यांना तळघरातल्या जुन्या फायलींच्या खोलीत टाकलं. धूळ, उंदीर, दिवसासुद्धा दिवा लावायचा. खोकला सुरू झाला तो त्यांना सोडून गेला नाही. मी भांडले, अर्ज लिहिले, कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. त्यांना वर आणणं मला जमलं नाही. ते त्याच खोलीतून रिटायर झाले.

कॉलेजात बोभाटा झाला की मी पहिल्याच पार्टीत पिऊन तमाशा केला. एका बाईंनी भर वर्गात उभं करून विचारलं, "तू प्यायली होतीस, हे खरं?"

"नाही," मी म्हटलं. "मी शुद्धीत होते. म्हणून तर बोलले."

तपती त्या दिवशी बाक बदलून माझ्या शेजारी येऊन बसली. "मी तेव्हाच उठायला हवं होतं," म्हणाली. मी तिला "जाऊ दे" म्हटलं नाही. उठायला हवंच होतं.

पुढच्या वर्षी नव्या मुली आल्या. मधल्या सुट्टीत मी त्यांच्या वर्गात गेले, फळ्यासमोर उभी राहिले आणि सांगितलं. सरबतात काय ओततात ते. टाळ्या कशासाठी वाजतात ते. नाही म्हणता येतं, आणि म्हटल्यावर काय काय भोगावं लागतं, तेही. लपवलं काही नाही.

दारात दोन सीनियर येऊन उभ्या राहिल्या. "तुला इथं कुणी बोलावलं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "उद्या शेजारच्या वर्गात जाणार आहे. तिथंही कुणी बोलावलेलं नाही."

आणि दाराकडे पाठ करून पुढचं वाक्य सुरू केलं.