शेच्या जागी आहे

कोणताही कागद हातात आला की नाना आधी तो उलटून मागची बाजू बघत. कोरी असली तरी बघत. मग पुढची बाजू वाचत, तीही भुवई चढवूनच. लग्नपत्रिका असो की डॉक्टरांची चिठ्ठी, सुटका नाही. "छापेल शे म्हनीसन खरं शे असं नही," असं त्यांचं म्हणणं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलेला माणूस, तो विश्वास तरी कशावर ठेवणार?

जळगावच्या आमच्या साप्ताहिकात नाना मुद्रितं तपासायचे आणि मी टायपिस्ट होते. ते मूळचे धुळ्याकडचे, त्यामुळे खुशीत आले किंवा चिडले की अहिराणी सुरू. मी असोद्याची. आमच्या घरची बोली वेगळी, तिच्यात 'शे' नाही, 'आहे'च आहे. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे मी जो पराक्रम केला त्याचं मूळ इथंच आहे.

नव्वदीच्या सुरुवातीला धुळ्याचा एक विक्रेता कॉम्प्युटर घेऊन आला. त्यात मराठी लिहायचा नवा प्रोग्राम होता. लिहा, पुसा, टिपणं साठवा, हवा तो शब्द शोधा, त्याची जादू चालूच. नाना उठले आणि यंत्राच्या मागे जाऊन उभे राहिले. तुम्ही ओळखलंच असेल, ते मागची बाजू बघत होते.

"ते ठीक शे. पन लिखेल जास कोठे?"

विक्रेत्याने फ्लॉपी दाखवली. नानांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, हलवून कानाशी नेली. "आठे ते काहीच दिखत नही," म्हणाले.

मालकांनी निकाल नानांवरच सोपवला. पंधरा दिवस वापरून बघा, तुम्ही हो म्हणालात तर घेऊ. नाना दोन दिवस यंत्राकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी एक कापडी पिशवी घेऊन आले आणि माझ्या टेबलावर ठेवली. आत चिठ्ठ्या होत्या, जुन्या मुद्रितांच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेल्या. वीस वर्षं एसटीत, बाजारात, दवाखान्याच्या बाकावर कानावर पडलेले अहिराणी शब्द, शेजारी अर्थ आणि एखादं वाक्य. पेन्सिल इतकी पुसट झाली होती की निम्म्या चिठ्ठ्या फक्त त्यांनाच वाचता यायच्या, आणि त्यांचे डोळेही आता थकत चालले होते.

"ह्याच घाल, माय. बुडालं तर माझंच बुडू दे."

यंत्र टिकलं तर ह्याचं पुस्तक काढू, असं मालक बोलून गेले होते. मग काय, नाना सांगायचे आणि मी टाइप करायचे. पण विश्वास? नाव काढू नका. रोज संध्याकाळी त्यांना छापील पान हवं. सकाळी ते पान पडद्याशी ताडून बघायचे, रातोरात शब्द हलले तर नाहीत ना म्हणून. एकदा वीज गेली, पडदा काळा झाला, आणि नानांच्या चेहऱ्यावर असा आनंद की पेढे वाटायचेच बाकी होते. वीज आल्यावर शब्द जागच्या जागी दिसले तेव्हा बिचारे जरा हिरमुसलेच.

अकराव्या दिवशी मात्र ते म्हणाले, "आज छापू नको, माय. कागद वाया जास." मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! परीक्षा मीच पास झाले होते.

त्याच दुपारी, नाना जेवायला गेलेले असताना मालकांनी पडद्यावर नजर टाकली. "अर्थ तरी शुद्ध मराठीत हवेत. हे मधेमधे शे शे काय?" नाना सांगण्याच्या भरात अर्थातही 'शे' घालून जायचे. मी म्हटलं, आत्ता करते. विक्रेत्याने शिकवलेलं वापरलं, 'शे' शोध, त्या जागी 'आहे' घाल. एक कळ दाबली आणि फाईल साठवली. शहाणपणाची कमाल.

नाना आले, पडद्याशी वाकले. 'वावर' ह्या शब्दासमोर अर्थ होता 'आहेत'. खाली आहेण होतं, आहेजारी होता. आणि 'तो घरमा शे' ह्याचं झालं होतं 'तो घरमा आहे'. घाबरून मी उलटं करून पाहिलं, तर जिथे खरोखरचं 'आहे' होतं तिथेही 'शे' घुसला, म्हणून ते न साठवताच सोडून दिलं. मागे फिरायची काही सोय असेलही, मला ठाऊक नव्हती.

"मनी बोलीमाईन शे काढी टाकं तू?" ते इतकंच हळू बोलले. मग म्हणाले, "शे गयं, तर ऱ्हायनं काय?"

मी रडले. ते रागावले असते तर परवडलं असतं.

उरलेले दिवस आम्ही एकेक शब्द हाताने लावला. दहाव्या दिवसापर्यंतची छापील पानं होती म्हणून वाचलो, म्हणजे त्यांच्या संशयामुळेच वाचलो. शेवटच्या दिवशी मालक आले. पानं नानांच्या खुणांनी लालेलाल झालेली बघून विचारलं, "नाना, यंत्राने इतक्या चुका केल्या?"

मी पानं माझ्याकडे ओढली. नोकरी जाणार हे दिसत होतं.

"चुका नाहीत. माझ्या शंका आहेत," नाना म्हणाले. "यंत्र घ्या. पण ही पोरगी त्याच्यावर ठेवा. तिला आता कळतं कुठे बघायचं ते."

पुस्तक छापायला उशीर झाला. शेवटची मुद्रितं नाना घरी घेऊन गेले आणि ती तपासून झाल्यावर आठवडाभरातच गेले. त्यांच्या मुलाने गठ्ठा आणून दिला. मी एकेक पान उलटत गेले. सगळं स्वच्छ. शेवटच्या पानावर मथळा होता, 'आहेवटचे दोन शब्द'. त्या दुपारीच बिघडलेला आणि माझ्याच हातून सुटलेला.

नानांनी तो लाल रेघेने खोडला होता. मग खोडलेल्या शब्दाखाली ठिपके दिले होते. मुद्रितं तपासणारा स्वतःचीच दुरुस्ती मागे घेतो तेव्हा असे ठिपके देतो आणि समासात दोन शब्द लिहितो. त्यांच्या अक्षरात ते लिहिलेले होते:

'असू द्या.'

मालक म्हणाले, अगं, ही चूक दुरुस्त कर आणि पाठव छापायला.

मी तशीच पाठवली.