बुध्या म्हणणारा माणूस

फोन बुधाच्या मुलाचा होता. "काका, बा गेला सकाळी," एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. वार शुक्रवार. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल तर, लेका बुध्या, जायचंच होतं तर आपला वार तरी गाठायचास!... आता महिना उलटून गेला, तरी ते आठवलं की हसू येतं.

बुधा बुधवारी जन्मला म्हणून बुधा. नावाचा अर्थ म्हणा, इतिहास म्हणा, सगळा एवढाच. आमच्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर पूर्वी नाव शोधत बसावं लागत नसे. पोर ते आपल्या जन्मवारासोबत घेऊनच येई. सोमवारचा सोम्या, मंगळवारची मंगळी, शुक्रवारचा शुक्र्या. साखरशेतच्या शाळेत आमच्या वर्गात दोन बुधे होते, त्यातला हा थोराड, म्हणून मोठा बुध्या. घाटावरून आलेल्या गुरुजींना वाटलं, नाव बुद्धीवरून ठेवलं असणार. त्यांनी सगळी अवघड गणितं यालाच घालायला सुरुवात केली आणि हा फळ्यासमोर उभा राहून खडूचा चुरा करायचा. पुढे भाताची कापणी उरकली की तो ठाण्याला बांधकामावर जायचा. तिथला मुकादम त्याला 'बुद्धू' म्हणे. "मी बोललो, बुद्धू नाय, बुधा. बुधवारवाला," तो मला सांगायचा, "तर बोलतो कसा, फिर बाकी दिन छुट्टी क्या?" आणि स्वतःच पोट धरून हसायचा.

मी शिकलो, शिक्षक झालो, जव्हारला घर केलं. तो गावीच राहिला, भात आणि नागली पिकवत. पण गावी गेलो की आधी त्याच्या अंगणात उभं राहून ओरडायचं, "बुध्या, हायस का?" आतून त्याच्या बायकोचं, हिरूवहिनीचं उत्तर ठरलेलं. असला तर, "हायत. बसा." नसला तर, "नायत. शेतावर गेलंत." वहिनीने नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही. नाव न घेणाऱ्या बायका पुष्कळ असतात हो, पण हिच्या नवऱ्याच्या नावात अख्खा वार अडकलेला! त्यामुळे वहिनीच्या आठवड्यात बुधवार नव्हताच. मंगळवारनंतर यायचा 'तेंचा वार' आणि मग गुरुवार. एकदा मोखाड्याला दवाखान्यात नर्सने विचारलं, पुढचं इंजेक्शन घ्यायला कधी येणार? "तेंचे वारी," वहिनी म्हणाली. "कुणाच्या?" नर्स बिचारी गोंधळली. शेवटी बुधानेच पुढे होऊन सांगितलं, "माझ्या."

गेल्या वर्षी त्याला नातू झाला, तोही नेमका बुधवारी. मला वाटलं, चला, नाव चालू राहिलं. पण मुलाने मोबाइलवर शोधून 'विहान' ठेवलं. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. हल्ली खोडाळ्याच्या बाजारात हाक मारली तर विहान, आरव, रुद्र असेच मागे वळून बघतात, आणि आपल्या पोराला वर्गात कुणी चिडवू नये असं कुठल्या बापाला वाटत नाही? तरी मला रुखरुख लागली आणि मी ती बुधाजवळ बोलून दाखवली. तो भाकरी मोडत म्हणाला, "बरा झाला. माझा नाव ठेवला असता तर म्हातारीनं नातवाला हाक कशी मारली असती?" मग ताट बाजूला सारून म्हणाला, "पर दाम्या, आई गेली, भाऊ गेला. पोरं बा बोलतात, सून मामा बोलते. म्हातारी तर घेतच नाय. माझा नाव घेणारा तूच ऱ्हायलास. येत जा." मला दाम्या म्हणणाराही तो एकटाच उरला होता. बाकी सगळ्यांचा मी सर.

परवा गेलो होतो. अंगणात पोचलो आणि सवयीने तोंड उघडलं, पण शब्द बाहेर पडेना. दार उघडंच होतं. त्याची टोपी खुंटीवर होती, वहिनी चुलीपाशी पाठमोरी बसलेली. मी तसाच उभा. तिला चाहूल लागली असावी, कारण वळून न बघताच ती म्हणाली, "असं मुक्यासारखं काय उभं, भावजी? हाक मारा ना, नेहमीसारखी."

"कुणाला मारू, वहिनी?"

"तेंना. माझ्या तोंडून तर यायचा नाय... आन घरात तेंचा नाव ऐकून महिना झाला."

मी मागे फिरलो, अंगणाच्या कडेला जिथे नेहमी उभा राहायचो तिथे जाऊन उभा राहिलो. घराकडे तोंड करून हाक मारली.

"बुध्या, हायस का?"

चुलीत लाकूड सारल्याचा आवाज आला. मग वहिनी म्हणाली,

"हायत. बसा."