सात नंबरचं दार

आमच्या भिलाईत पत्ता म्हणजे सेक्टर, सडक आणि क्वार्टर नंबर. नंबर दारावर रंगवलेला असतो आणि दार आपल्या जागेवर असतं. एवढ्या ज्ञानावर मला कारखान्यातून मतदारयादीच्या कामाला धाडलं.

शिवनाथेच्या पुरात नदीकाठचं एक गाव वाहून गेलं होतं. तिथली माणसं कुरुदच्या पलीकडे उंचवट्यावर झोपड्या घालून राहत होती. त्यांची नावं जुन्या गावात आणि जुनं गाव चिखलात. इथे नावं लागली तरच मतं मागायला कुणी इथवर येणार, आणि आला तर त्याच्याकडे हातपंप मागता येणार.

मी गेरूचा डबा घेऊन झोपड्यांच्या खांबांवर नंबर टाकत सुटलो. सातव्या झोपडीला मात्र खरंखुरं लाकडी दार! तिथल्या म्हातारीनं ते गाळातून ओढून काढलेलं. मला सेक्टरात परतल्यासारखं वाटलं. झोकात दारावर ‘७’ काढला, खाली रेघही मारली.

पुढे तपासणीला साहेब आले. सहा आणि आठच्या मधे नुसतं गोणपाट लोंबत होतं. सात नंबर वस्तीच्या पार दुसऱ्या टोकाला!

झालं होतं असं, की अख्ख्या वस्तीत दार एकच. ज्या घरी बाळंतीण, तिथे ते जायचं. वारा नको, कुत्री नकोत. हे मला कोण सांगणार? मी विचारलंच कुठे होतं!

साहेबांनी पेन काढलं. “मकान नहीं, तो वोटर कैसा? नाम काटो.”

म्हातारी तडक गेली, दार उचकटून डोक्यावर घेऊन आली, आपल्या गोणपाटापुढे उभं केलं आणि मागून डोकावून हेच आपलं घर म्हणून ठणकावलं. “एही मोर घर आय, बाबू. अब लिख!”

“बाई इथेच राहते, साहेब,” मी पुटपुटलो. “चूक माझ्या ब्रशची आहे.”

“तो खंभे पे लिखो, महाराज!” साहेबांनी पेन खिशात घातलं.

मी खांबावर लिहीपर्यंत तिकडे बाळंतिणीच्या खोपटात बकरी शिरली. तिला हाकलायलाही मलाच पिटाळलं.

घरी बायको म्हणाली, “तुमाले काय वाटलं, तेही सेक्टर हाय काय?”

मतदानाच्या दिवशी शाई लावायला मीच होतो. शाळेबाहेर गलका झाला. पाहतो तर रांगेत म्हातारी, डोक्यावर दार.

“माई, ये क्या?” शिपायानं विचारलं.

“मोर नंबर!”

अगं, नंबर आता खांबावर आहे, हे मी तिला बजावून सांगितलं होतं. पण माझ्या शब्दावर तिनं कशाला विसंबावं?

दार भिंतीला टेकवून तिनं मत दिलं. बाहेर पडताना शाईचं बोट जपून वर धरलं आणि दुसऱ्या हातानं मला खुणावलं, “ए बाबू, उठा दे.”

शाईची बाटली शेजारी बसलेल्याकडे देऊन मी उठलो, दार उचललं. रेघ मारलेला सात ऐन माझ्या नाकासमोर.